कंपनी डेलावेअरची, पण टॅक्स मागणारी राज्यं वेगळीच

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत स्टार्टअप काढणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींबद्दल आपल्या पेपरात बरेचदा लेख येतात आणि मी ते आवर्जून वाचते, पण त्यात एक सल्ला सारखा येतो आणि तो वाचला की माझा जीव खालीवर होतो. "कंपनी डेलावेअरमध्ये रजिस्टर करा, तिथे टॅक्स नाही." मी न्यू जर्सीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे हिशोब बघते. याच एका वाक्यावर विसंबून आम्ही तीन वर्षं काढली, म्हणून हे पत्र.

आधी डेलावेअरचंच सांगते. तिथे टॅक्स नाही हे खरं नाहीये. कॉर्पोरेट इन्कम टॅक्स आहे, ८.७ टक्के, फक्त जी कंपनी तिथे प्रत्यक्ष धंदा करत नाही तिला तो लागत नाही. पण फ्रँचाइज टॅक्स, म्हणजे तिथे नुसती नोंदणी असण्याबद्दलचा टॅक्स, लागतोच, दरवर्षी १ मार्चच्या आत, कंपनी तोट्यात असली तरी. तो आपोआप मोजला जातो कंपनीने किती शेअर्स मंजूर करून ठेवलेत त्यावरून, आणि स्टार्टअपवाले सर्रास १ कोटी शेअर्स मंजूर करून ठेवतात, त्यावर बिल येतं ८५,१६५ डॉलरचं! पहिल्यांदा ते पत्र हातात आलं की धस्स होतं, कारण कित्येकदा कंपनीच्या खात्यात तेवढे पैसेच नसतात. मोजायची दुसरी पद्धत आहे, कंपनीच्या एकूण मालमत्तेवरून, त्याने तोच आकडा बहुतेक नव्या कंपन्यांसाठी ४०० डॉलरवर येतो. हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं इतकंच.

आता खरा मुद्दा. कंपनी कुठे नोंदली याला बाकीच्या राज्यांच्या लेखी फारशी किंमत नाही. तुमची माणसं कुठे बसून काम करतात आणि तुमचे कस्टमर कुठे आहेत हे ती बघतात. याला इथे नेक्सस म्हणतात, म्हणजे त्या राज्याला तुमच्याकडून टॅक्स मागता येईल एवढा तुमचा तिथे संबंध. ४४ राज्यं कॉर्पोरेट इन्कम टॅक्स लावतात आणि प्रत्येकाची त्या संबंधाची व्याख्या थोडी वेगळी.

आमच्याकडे झालं असं की एक इंजिनिअर लग्नानंतर कॅलिफोर्नियाला गेली आणि तिथून घरून काम करायला लागली. चांगली मुलगी, सोडायची कुणालाच इच्छा नव्हती. तिच्या पगाराची नोंदणी आम्ही तिथे रीतसर केली, पगारातून टॅक्स कापून वेळच्या वेळी भरला, आणि सगळं झालं असं समजून बसलो. तिच्यामुळे कंपनीलाच तिथे रिटर्न भरावं लागतं हे आमच्या सल्लागारानेही सांगितलं नाही, उलट "तुम्ही डेलावेअर आहात, काळजी नको" म्हणाला. मग एक दिवस पत्र आलं. कॅलिफोर्नियात किमान ८०० डॉलर वर्षाला द्यावेच लागतात, एक पैसा नफा नसला तरी, वर दंड, वर व्याज. आम्ही तिन्ही वर्षं तोट्यात होतो. रक्कम फार मोठी नव्हती पण त्या महिन्यात ती कुठून काढायची हा प्रश्न होताच, आणि त्याहून जास्त लागलं ते हे की आम्ही काही लपवत नव्हतो हो, आम्हाला माहीतच नव्हतं.

आणि हे फक्त कॅलिफोर्नियाचं नाही. २०१२ मध्ये आमच्या न्यू जर्सीच्याच कोर्टाने असा निकाल दिलाय. कंपनी डेलावेअरमध्ये नोंदलेली, ऑफिस मेरीलँडला, न्यू जर्सीत फक्त एक कर्मचारी घरी बसून कोड लिहायची, तेवढ्यावर कंपनीला इथे रिटर्न भरावं लागेल म्हणाले. एक माणूस! आता घरून काम करणं किती वाढलंय ते बघा, सहा जणांची कंपनी पाच राज्यांत पसरलेली असते आणि मालकाला वाटतं आपलं ऑफिसच नाही तर टॅक्स कसला.

माणूस नसला तरी सुटका नाहीये. कॅलिफोर्नियात विक्री एका ठराविक आकड्याच्या वर गेली (२०२४ साठी ७,३५,०१९ डॉलर) किंवा तुमच्या एकूण विक्रीच्या २५ टक्क्यांच्या वर गेली, यातलं जे कमी असेल ते, की तुम्ही तिथे धंदा करता असं धरतात. हा २५ टक्क्यांचा भाग लोकांच्या लक्षातच येत नाही. समजा वर्षाची सगळी मिळून विक्री १ लाख डॉलर आणि त्यातले ३० हजार कॅलिफोर्नियातल्या कस्टमरचे, झालं, तुम्ही आत. मोठ्या कंपनीसाठी मोठा आकडा आणि लहानग्यांसाठी टक्केवारी, हे मला अजिबात पटत नाही.

कुणी म्हणेल यापासून संरक्षण देणारा फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा, कायदा आहे की. आहे, पब्लिक लॉ ८६-२७२, पण तो १९५९ चा. दुसऱ्या राज्यात तुमचा सेल्समन नुसत्या ऑर्डरी घेत फिरतोय, ऑर्डर मंजूर होते आणि माल निघतो राज्याबाहेरून, तर त्या राज्याने इन्कम टॅक्स लावायचा नाही, एवढंच त्यात आहे. तेही फक्त हातात धरता येईल अशा मालासाठी. सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, कन्सल्टिंग, अ‍ॅप, यातलं काहीच त्यात बसत नाही, म्हणजे आजचे बहुतेक स्टार्टअप बाहेरच. आणि तो लागू राज्याराज्यांमधल्या व्यापाराला, परदेशातून विकणाऱ्याला नाही. भारतात बसून थेट अमेरिकेत विकणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की भारत-अमेरिका करार फेडरल टॅक्सपुरता आहे, राज्यं त्याने बांधलेली नाहीत. आपल्याकडे कंपनीचा इन्कम टॅक्स एकटं केंद्र घेतं त्यामुळे दुसरं सरकार पण मागू शकतं हे डोक्यातच येत नाही.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या वेफेअर निकालाचं (राज्यात ऑफिस नसलेल्या विक्रेत्याकडूनही टॅक्स मागता येतो असं म्हणणारा) नाव सगळे घेतात पण तो सेल्स टॅक्सबद्दल होता, हे दोन वेगळे टॅक्स आहेत. सेल्स टॅक्स भरला म्हणून इन्कम टॅक्सचं रिटर्न माफ होत नाही.

राज्यांनी टॅक्स घेऊच नये असं माझं म्हणणं नाही, त्यांच्या बाजारातून कमवायचं तर द्यायला हवं. पण शून्य नफ्यावर पाच राज्यांत पाच रिटर्न आणि प्रत्येकाला अकाउंटंटची वेगळी फी, टॅक्सपेक्षा फी जास्त, हे कुठल्या हिशोबात बसतं? त्यातल्या त्यात टेक्सासचं मला शहाणपणाचं वाटतं, त्यांचा टॅक्स वेगळ्या प्रकारचा आहे पण २०२४ आणि २०२५ साठी २४.७ लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्यांना तो शून्य, नुसता माहितीचा फॉर्म भरायचा. अशी एक मर्यादा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सगळ्या राज्यांसाठी ठरवावी. प्रत्यक्ष हजेरी असेल तरच टॅक्स असं म्हणणारं बिल तिथे बऱ्याचदा आलंय पण पास झालेलं नाहीये. आणि ते झालं असतं तरी आमच्यासारख्यांची, जिथे एक माणूस घरून काम करतो, त्यांची अडचण तशीच राहिली असती.

जे आत्ता अडकलेत त्यांच्यासाठी एक गोष्ट कृपया ठळक छापा. रिटर्न भरलंच नसेल तर जुनं प्रकरण काढायची मुदत सुरूच होत नाही, दहा वर्षांनीही विचारू शकतात. त्यावर उपाय आहे, व्हॉलंटरी डिस्क्लोजर म्हणजे आपणहून जाऊन सांगणं, त्यात साधारण मागची तीन-चार वर्षंच बघतात आणि दंड बहुधा माफ होतो, व्याज मात्र द्यावं लागतं. मल्टिस्टेट टॅक्स कमिशन या राज्यांच्या सामाईक संस्थेमार्फत एकाच वेळी अनेक राज्यांकडे अर्ज करता येतो, आणि सुरुवातीला कंपनीचं नाव न सांगताही. पण राज्याचं पत्र एकदा आलं की ही वाट सहसा बंद. आमचं पत्र आलेलं होतं, आम्हाला ती मिळाली नाही.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी