पट्टीबरोबर कातडीही निघते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवजात बाळांची नाडी, श्वास, ऑक्सिजन मोजणाऱ्या बिनतारी सेन्सरवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. माहिती चांगली होती, पण सगळा भर यंत्राच्या अचूकपणावर. नवजात अतिदक्षता विभागातली परिचारिका म्हणून सांगते, आम्हाला या सेन्सरचं अप्रूप आहे ते वेगळ्याच कारणासाठी.

अठ्ठावीस आठवड्यांत जन्मलेल्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की खालच्या शिरा दिसतात. तिच्यावर हृदयाचे ठोके टिपणारे इलेक्ट्रोड चिकटवायचे, पायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटरचा प्रोब गुंडाळायचा. काढताना पट्टी भिजवून, कडेपासून हळूहळू सोडवतो. तरी कधी वरचा पापुद्रा निघून येतोच. सुई टोचली नाही म्हणजे इजा झाली नाही, असं नव्हे.

दुसरा त्रास वायरींचा. कांगारू केअरसाठी बाळ आईच्या छातीवर द्यायचं तर आधी हा गुंता सोडवा. तेवढ्यात प्रोब सरकतो, अलार्म वाजतो, आई दचकते आणि म्हणते, "राहू द्या सिस्टर, नंतर घेते." ते 'नंतर' पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उजाडतं.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये छातीवर एक आणि पायावर एक अशा दोन मऊ, बिनतारी, बॅटरीशिवाय चालणाऱ्या पट्ट्या दाखवल्या, त्या मला म्हणूनच मोलाच्या वाटतात. त्वचेच्या रंगातल्या सूक्ष्म बदलावरून नाडी मोजणाऱ्या कॅमेऱ्यांवरही काम चालू आहे. त्यात स्पर्शच नाही. पण दुपटं पांघरलं की कॅमेरा काय बघणार?

अचूकपणाचंही थोडं बोलते. मॉनिटर श्वास मोजतो तो बहुधा छातीच्या हालचालीवरून. घशात वाट बंद झाली तरी छाती हलत राहते आणि पडद्यावर श्वास दिसत राहतो. ऑक्सिजन उतरू लागतो तेव्हा कुठे कळतं. म्हणून आम्ही आकड्याआधी बाळाचा रंग बघतो. नवं यंत्र आलं तरी ही सवय सुटता कामा नये.

लेखात घरी बाळाच्या पायात घालायच्या, नाडी आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या 'स्मार्ट' मोज्यांचा उल्लेखही त्याच ओघात आला आहे, तो खटकला. निरोगी बाळाला ते घातल्यानं झोपेतला आकस्मिक मृत्यू टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटनाही त्यासाठी अशा साधनांवर विसंबू नका, असंच सांगते. बाळाला पाठीवर, टणक गादीवर झोपवा, हा सल्ला त्या लेखात एका ओळीत तरी यायला हवा होता.

आपली,
एक परिचारिका