वजन मोजता, मग फटकेही मोजा

मा. संपादक,
स. न.

घोड्यांच्या रेसमध्ये मर्यादेपेक्षा जास्त फटके मारणाऱ्या जॉकींवरच्या, म्हणजे घोडेस्वारांवरच्या, कारवाईविषयीचा कालच्या अंकातला लेख वाचला. अशा जिंकलेल्या घोड्याचा क्रमांक जाऊ नये, असे त्यात म्हटले आहे. लेखकांचा रेसचा अभ्यास दांडगा आहे, त्यांचे हॅण्डिकॅपचे (कोणत्या घोड्यावर किती वजन द्यायचे त्याचे) हिशेब मी हंगामभर वाचतो, म्हणूनच हा लेख जास्त लागला. शेवटच्या फर्लांगात (सुमारे 200 मीटरांत) जॉकीने घोडा पुढे काढायचा की फटके मोजत बसायचे, असे त्यांनी विचारले आहे. दोन्ही करायचे. पुढच्या दोन घोड्यांमधली फट आता उघडणार की मिटणार, हे ज्याला क्षणात कळते, त्याला सहापर्यंत फटके मोजता येत नाहीत हे मला पटत नाही. रेस हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितले. रेसची बाजू घेणारे सगळे त्या निकालाचा आधार घेतात. मग हात आवरणे हे कौशल्यात का धरायचे नाही?

लेखातले ज्या वाक्याने मला रात्री झोप लागू दिली नाही ते निराळेच आहे. घोड्याची कातडी जाड असते, त्याला आपल्याइतके लागत नाही, असे ते वाक्य.

माझे वडील इथल्याच रेसकोर्सवर एका तबेल्यात मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, होते. त्यांच्याकडे दोन घोडे असत. 1982 च्या पावसाळी हंगामात त्यांतली एक चार वर्षांची कुमैत (तांबूस) घोडी होती. रेसबुकात तिचे नाव लांबलचक इंग्रजी होते, वडील तिला राणी म्हणत. खरारा करताना ती त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभी राहायची. शनिवारची रेस ती मानेच्या अंतराने जिंकली. मी कुंपणाशी उभा होतो. शेवटचे दोन फर्लांग जॉकीचा हात थांबला नाही, आणि विजयाचा खांब ओलांडल्यावरही त्याने एक फटका मारला. तेव्हाचे चाबूक आजच्यासारखे गादीचे नव्हते. संध्याकाळी वडील तिला धूत होते. दिवा मिणमिणता, म्हणून त्यांनी तिच्या मागच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवून वळ मोजले. अकरा भरले. एक तर खाली कुशीत होता, जिथली कातडी पातळ असते. मग अंगावर झूल टाकायला त्यांनी हात वर केला आणि घोडी भिंतीला जाऊन चिकटली. लटलट कापत होती. तीन वर्षे ज्याच्या हातून चंदी खाल्ली त्याच माणसाच्या हाताला ती भ्यायली. पुढे कित्येक दिवस वडील वाकून, हात खांद्याच्या वर न नेता, मानेकडून झूल सरकवत आणत.

दुसऱ्या दिवशी मालक पेढे घेऊन आले. जॉकीने घोडी खेचून काढली म्हणून त्याचे कौतुक झाले. जॉकीला समज मिळाल्याचे वडिलांना नंतर कळले. तीन आठवड्यांनी तोच जॉकी पुन्हा तिच्यावर. पॅडॉकमध्ये, रेसआधी घोडे फिरवतात त्या आवारात, तो जवळ येताच तिला फेस आला आणि धावली ती जवळपास शेवटून. त्या जिंकलेल्या रेसची बक्षिशी वडिलांनाही मिळाली होती, त्यातूनच माझी बारावीची फी भरली. हे मी लपवत नाही. उलट माझे सगळे म्हणणे त्यातच आहे. त्या अकरा वळांचा फायदा मालकाला झाला, ट्रेनरला झाला, जॉकीला झाला आणि आमच्या घरालाही झाला. हात आवर, असे त्या जॉकीला कोण सांगणार होते?

म्हणून एकट्या जॉकीला चार दिवस घरी बसवून काही होत नाही. मर्यादा मोडून जिंकलेल्या घोड्याचा क्रमांक गेला पाहिजे. मालकाचा आणि घोड्याचा काय दोष, असे लेखक विचारतात. रेस संपल्यावर जॉकी खोगीर घेऊन काट्यावर उभा राहतो. नेमून दिलेल्या वजनापेक्षा कमी भरले तर घोडा बाद होतो. तिथे तरी घोड्याचा काय दोष असतो? जॉकी आडवा आला आणि मागच्याची वाट अडली, ऑब्जेक्शन मान्य झाले, तर क्रमांक बदलतात. तेव्हा मालक मुकाट ऐकतात, कारण तो नियम आहे. दोन फटके कमी मारून दुसऱ्या आलेल्या घोड्याच्या मालकाने, त्याच्या मोतद्दाराने आणि त्याच्यावर पैसे लावणाऱ्याने कुठे जायचे, याविषयी लेखात एक ओळ नाही.

लेखात इंग्लंडचा दाखला तर अर्धाच दिला आहे. तिकडेही फक्त जॉकीलाच शिक्षा होते, हे आता खरे नाही. 2011 साली अॅस्कॉटला चॅम्पियन स्टेक्स या रेसमध्ये क्रिस्तोफ सुमियों या जॉकीने शेवटच्या फर्लांगात एक फटका जास्त मारला. त्याच्यावर बंदी आली, बक्षिसाचा वाटाही रोखला गेला, पण सिरस दे ऐग्ल या घोड्याचा पहिला क्रमांक कायम राहिला. तेव्हा तसे होते. 2023 पासून तिथे सपाट शर्यतीत 6 आणि अडथळ्यांच्या शर्यतीत 7 फटक्यांची मर्यादा आहे, आणि त्यावर चार किंवा अधिक फटके गेले तर घोडाच बाद होतो. माझ्या मते चारची सवलतही जास्त आहे, पण तत्त्व तरी मान्य झाले. अमेरिकेतही चार किंवा अधिक जास्तीचे फटके गेले तर घोड्याचे बक्षीस जाते, त्याखाली मात्र नाही. 2025 च्या केंटकी डर्बीत सहाच्या मर्यादेवर आठ फटके मारल्याबद्दल विजेत्या जॉकीला स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, दंड सुनावला आणि डर्बी त्या घोड्याकडेच राहिली. नॉर्वेने तर 1982 सालीच, राणीच्या त्याच वर्षी, घोडा पळवण्यासाठी चाबूक मारणे बंद केले. तिथे रेस आजही होतात.

आणि कातडीविषयी. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2020 साली माणसाची आणि घोड्याची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहिली. वरच्या थराच्या जाडीत आणि त्यातल्या वेदना पोचवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांत त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. पण त्यासाठी ऑस्ट्रेलियापर्यंत जायचीही गरज नाही. पुठ्ठ्यावर माशी बसली तरी घोडा तेवढीच कातडी थरथरवतो. लेखकांनी सकाळी रेसकोर्सवर दहा मिनिटे उभे राहून हे पाहावे.

आपल्याच जिल्ह्यात, खेड-जुन्नरकडे, बैलगाडा शर्यती सात वर्षे बंद होत्या. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली ती अटींवर, आणि त्या अटींत चाबकाला, काठीला, बॅटरीच्या शॉकला मनाई आहे. शर्यतीच्या घाटात कुणी बैलाला टोचले की आपण त्याला अडाणी म्हणतो, आणि तुमचेच वृत्तपत्र त्याचा फोटो पहिल्या पानावर छापते. रेसकोर्सवर तेच झाले की त्याला शेवटच्या फर्लांगातली जिद्द म्हणायचे, हे मला मान्य नाही.

जाता जाता, लेखासोबतचे छायाचित्र पोलोचे आहे. घोड्याची शेपटी बांधलेली आहे आणि पायांना पट्ट्या आहेत. ज्या शहरात रेसकोर्स आहे त्या शहरातल्या वृत्तपत्राकडून ही चूक व्हायला नको होती. शिवाय रेसच्या दिवशी संभाव्य विजेत्यांना तुम्ही पाऊण रकाना देता, पण स्टुअर्ड्सनी कोणाला कशासाठी शिक्षा केली हे निकालाखाली कधी येत नाही. दोन ओळी पुरतील. जॉकीचे नाव, घोड्याचे नाव आणि जास्तीचे फटके किती.

आपला,
एक जुना वाचक, वानवडी, पुणे