निळा दोर बाद केला, ताई

प्रिय ताई,

चढाईचा निळा दोर परवा बाद केला. साठ मीटर बोटांतून सरकवत आलो आणि टोकापासून साधारण नऊ मीटरवर हाताला चपटं लागलं. बाहेरचं आवरण शाबूत, रंगही नीट, पण तिथे दोर दुमडला की गोल वळण्याऐवजी कागदासारखा मोडत होता. आतला गाभा गेलेला. वही काढली, तारीख टाकली, 'नऊ मीटरवर गाभा मऊ, बाद' असं लिहिलं आणि सहज पानं उलटत मागे गेलो. पहिल्या पानावर तुझं अक्षर आहे. जाडी ९.८ मिलिमीटर, पहिला वापर कधी, कोण कुठे घसरलं. 'पडला' हा शब्द तू वहीत कधी लिहीत नाहीस, 'बसला' लिहितेस. 'दोरावर बसला, दोन मीटर.' माझ्या नावापुढे अशा एकतीस नोंदी आहेत.

तुला फोन केला तर "बरं केलंस" म्हणालीस आणि लगेच माझ्या बोटाची चौकशी सुरू केलीस. आभाराचा शब्द काढला की तुला नेमकं कुठेतरी जायचं असतं. म्हणून हे उघड पत्र. तू वाच, नको वाचूस. कातळावर चढायला शिकायचंय पण कुणाचा हात धरावा हे ज्यांना कळत नाही, त्यांनी वाचलं तरी मला पुरे.

मी आलो तेव्हा माझ्याकडे दंड होते. एका दमात अठरा पुल-अप्स मारायचो आणि ते पहिल्या पाच मिनिटांत तुला सांगितलंही होतं. प्रस्तरारोहण म्हणजे स्वतःला वर ओढणं, अशी माझी समजूत. तू मला चढूच दिलं नाहीस. चढायला आलेल्याच्या हातात बिलेचा, म्हणजे चढणाऱ्याला खालून सांभाळायचा, दोर दिलास आणि त्या दोराचं शेपूट धरायला माझ्या मागे आणखी एकीला उभं केलंस, म्हणजे माझ्यावर किती भरवसा होता ते न बोलता कळलं. असे पाच रविवार. ब्रेकचा हात दोरावरून सोडायचा नाही, नाक खाजलं तर दुसरा हात आहे. चढणारा क्लिप करायला, म्हणजे कातळावरच्या कडीत दोर अडकवायला, तो ओढणार त्याच्या क्षणभर आधी ढील तयार हवी, आणि क्लिप झाला की ती परत गोळा व्हायला हवी. "तो आता काय करणार ते त्याच्या खांद्यांवरून कळतं. बघत राहा," एवढंच तुझं शिकवणं. वर बघून बघून माझी मान आखडायची, आणि खरं सांगतो, मनात यायचं की या बाईला फुकटचा हमाल मिळालाय.

चौथ्या रविवारी माझ्याहून चांगला पंधरा किलो जड असलेला एक गडी वरून सुटला. मी जमिनीवरून हातभर वर उचलला गेलो, कातळात ठोकलेल्या पहिल्या बोल्टच्या दिशेने. हात मात्र जागचा हलला नाही. तो दोरावर बसला, हसला आणि पुन्हा चढायला लागला. माझे पाय त्यानंतर अर्धा तास थरथरत होते. एवढ्या उंचीवर स्वतः लटकताना कधी थरथरले नसतील.

परतताना तू दोराचं गणित सांगितलंस. किती मीटर पडला याला एकट्याला अर्थ नाही, तो झटका पचवायला किती दोर बाहेर होता ते बघायचं. वीस मीटर दोर बाहेर असताना माणूस चार मीटर पडला तर दोर ताणला जातो आणि झटका गिळून टाकतो. दोनच मीटर दोर बाहेर असताना तेच चार मीटर पडणं म्हणजे गुणांक (पडण्याची लांबी भागिले बाहेरचा दोर) दोन, त्याहून वाईट पडता येत नाही. म्हणून मधल्या अँकरवरून, म्हणजे स्वतःला कातळाला बांधून थांबायच्या जागेवरून, पुढे निघालं की पहिलं क्लिप लवकर घ्यायचं, वाट कितीही सोपी दिसो. नायलॉनचे दोर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आले. त्याआधी वाखाच्या दोरांवर चढणाऱ्या पिढ्यांचा एकच नियम होता: पुढे जाणाऱ्याने पडायचं नाही. "आपण पडू शकतो, म्हणून शिकू शकतो," असं तू म्हणालीस. तेव्हा ते मला नुसतं बोलायचं म्हणून बोलल्यासारखं वाटलं होतं.

सहाव्या रविवारी अखेर मला कातळ मिळाला, तोही तिरका, गुळगुळीत स्लॅब. हाताला धरायला काही नाहीच. अठरा पुल-अप्स तिथे काय करणार? बुटाचा रबर कातळावर टेकवून त्यावर वजन टाकायचं आणि विश्वास ठेवायचा, की घर्षण आपल्याला सांभाळेल. मला ते जमेना. वजन टाकायची भीती वाटली की मी कातळाला चिकटायचो, चिकटलो की वजन पायांवरून सुटायचं आणि बूट घसरायचा. तू मागाहून आलीस, दोन्ही हात पाठीशी धरून काही पावलं चढून दाखवलीस आणि उतरलीस. मग महिनाभर एकच खेळ: पाऊल ठेवताना आवाज यायला नको. ठेवायच्या जागेकडे पाऊल टेकेपर्यंत बघायचं, टेकलं की हलवायचं नाही. आज कुणी नवा चढताना मी खाली उभा असलो तर डोळे मिटूनही सांगू शकतो, कसा चढतोय ते.

आणि आता त्या सकाळबद्दल. ती तुला आठवत असेल की नाही, शंका आहे.

मी दोर हार्नेसमधून (कमरेच्या पट्ट्यातून) ओवला होता. फिगर ऑफ एट या आठाच्या आकाराच्या गाठीचा पहिला आठ बांधलेला, शेपूट अजून उलट फिरवून आणायचं बाकी. बुटाची नाडी सैल वाटली म्हणून वाकलो. कुणीतरी क्विक-ड्रॉ (बोल्टला दोर अडकवायच्या जोडकड्या) किती लागतील विचारलं, मी मोजून सांगितलं, हाताला चुना लावला (मॅग्नेशियम कार्बोनेटच्या त्या पांढऱ्या भुकटीला आपण सगळे चुनाच म्हणतो, नवख्यांनी दचकू नये) आणि पहिली पकड घेतली. तुझ्या हातात दोर होता. तू दोर सोडला नाहीस, नुसती पुढे आलीस, मोकळ्या हाताने माझ्या पोटाशी असलेली गाठ धरलीस आणि म्हणालीस, "गाठ."

मी खाली पाहिलं. शेपूट हार्नेसमधून नुसतं लोंबत होतं. त्या वाटेवर मी बहुधा वरपर्यंत गेलोही असतो. चढताना दोरावर भार येत नाही, त्यामुळे काही कळत नाही. कळतं ते वर पोचल्यावर, 'घे' (दोर ताण) म्हणून मागे रेलताना.

तू ओरडली नाहीस. मी गाठ पूर्ण बांधली, तू गाठीतल्या शेजारी-शेजारी दोरांच्या पाच जोड्या बोटाने मोजल्यास, मी तुझं बिलेचं साधन आणि कॅराबिनरचं (धातूच्या कडीचं) कुलूप पाहिलं, आणि मी चढलो. संध्याकाळी दोर गुंडाळताना तू लिन हिलची गोष्ट सांगितलीस. १९८९ साल, फ्रान्समधलं ब्यू. जगातल्या अव्वल आरोहकांपैकी एक. दोर ओवला, लक्ष दुसरीकडे गेलं, गाठ अर्धीच राहिली. वर पोचून ती मागे रेलली आणि सत्तर फुटांहून जास्त खाली आली. झाडाच्या फांद्यांनी वाचवलं. कोपर निखळलं, पण जगली. चारच वर्षांनी, १९९३ मध्ये, तिने अमेरिकेतल्या एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरची 'द नोज' ही वाट फक्त हातापायांच्या बळावर चढून दाखवली. दोर होता तो पडल्यास वाचवण्यापुरता. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं, ना बाईला ना पुरुषाला. पुढच्या वर्षी तीच वाट तिने चोवीस तासांच्या आत चढली.

असल्या चुका नवशिके करतात, असं मी धरून चाललो होतो. तू माझी गाठ दर वेळी बघायचीस ते मी नवशिका आहे म्हणून, असंही. मी तुझ्याहून अवघड वाटा चढायला लागलो तरी तू बघतच राहिलीस, आणि स्वतःची मला दाखवत राहिलीस. मी हातातलं काम सोडून येईपर्यंत थांबायचीस. कधी मी लांबूनच मान हलवायचो, तेव्हा तू म्हणायचीस, "हात लावून बघ."

बोट दुखावलं ती गोष्ट लांबवत नाही. अनामिकेवर सगळं वजन टाकून बारीक कंगोरा धरला, टक् असा आवाज आला, बोट सुजलं. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण बोटातले कंडरे आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे फार सावकाश मजबूत होतात, हे तू आधीच सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नव्हतं. त्या दिवसांत जो तो मला अमेरिकन आरोहक टॉमी काल्डवेलचं उदाहरण द्यायचा: २००१ मध्ये करवतीत तर्जनी गेली, तरी २०१५ च्या जानेवारीत केव्हिन जॉर्गसनबरोबर एकोणीस दिवस भिंतीवर राहून त्याने एल कॅपिटनवरचीच 'डॉन वॉल' चढली. थोर माणूस, वादच नाही. पण सुजलेल्या बोटाचं उद्या सकाळी काय करायचं ते त्या गोष्टीतून कळत नाही. तू सांगितलंस, "तीन महिने पकड घ्यायची नाही. रविवारी येत जा, दोर धर." मी रुसून दोन रविवार आलो नाही. तिसऱ्या रविवारी आलो, तू काही विचारलं नाहीस आणि बिलेचं साधन पुढे केलंस.

नोकरी सोडतो म्हणालो तेव्हाही तू अडवलं नाहीस, हेही इथे नोंदवतो. गाडीत संसार थाटून कातळामागून कातळ फिरायचं, हे माझं स्वप्न ऐकून तू फक्त विचारलंस की कातळ ओला असेल त्या दिवसांत काय करशील. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तू तीस वर्षं कामाचे पाच दिवस, आजारी वडील, घर हे सगळं सांभाळून चढत आलीस. तुला सर्वांत अवघड वाट कुठली जमली असं विचारलं की "आठवत नाही" म्हणतेस, आणि मला वाटतं तुला खरंच आठवत नाही. जे सगळं सोडून निघाले ते चुकले, असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातल्या काहींचा मला अजून हेवा वाटतो. पण मी तुझ्या वाटेने गेलो, आणि अकरा वर्षं झाली, अजून चढतोय.

ओल्या कातळावरून आठवलं. रात्रभर प्रवास करून आपण वाळूच्या दगडाच्या त्या कड्याखाली पोचलो आणि कळलं, आदल्या दिवशी पाऊस झालाय. वरून कातळ कोरडा दिसत होता. तू पायथ्याची माती बोटाने उकरलीस, आत ओल होती, आणि सॅक परत पाठीवर घेतलीस. वाळूचा दगड ओला असताना आतून कमकुवत होतो, पकडी तुटतात. एखादी तुटली की तुटली, मागून येणाऱ्या कुणालाच ती पुन्हा मिळत नाही. सहा जण तोंडं पाडून परत फिरलो. गाडीत कुणीतरी ॲलेक्स होनोल्डचा विषय काढला, की तो बघा, दोराशिवाय नऊशे मीटर. ३ जून २०१७ ला एल कॅपिटनवरची 'फ्रीरायडर' ही वाट त्याने एकट्याने, दोराशिवाय, चार तासांच्या आत चढली होती. खिडकीबाहेर बघत तू म्हणालीस, "आणि त्याआधी दोर लावून किती वेळा घोटली होती? एकदा तर रात्रीत थोडं वर जाऊन बरोबर वाटेना म्हणून परत फिरला होता. ते कुणी सांगत नाही." गाडीत नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

एका बाबतीत मात्र मी अजून तुझ्यावर नाराज आहे. हिरवा दोर. आपण सगळ्यांनी पैसे साठवून घेतलेला, जेमतेम आठ महिन्यांचा. एक रात्र गाडीच्या डिकीत जुन्या बॅटरीशेजारी राहिला, तोही पिशवीत बांधलेला. आम्लाने नासलेला नायलॉन दिसायला नव्यासारखाच दिसतो, असं म्हणून तू त्याचे सरळ तुकडे केलेस. मी तुझ्याशी चार दिवस बोललो नाही. तो दोर चांगला होता की नव्हता हे आता कधीच कळणार नाही, आणि चांगलाच होता असं मला अजूनही वाटतं. त्यातला दीड मीटरचा तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे. फोनवर बोलताना हात आपोआप त्याकडे जातो आणि आठ बांधत राहतो.

तर, ताई, आभार. त्या पाच रविवारांबद्दल, बोटाबद्दल, ओल्या कड्याखालून परत आणल्याबद्दल, आणि त्या एका शब्दाबद्दल.

नवा दोर आलाय. सत्तर मीटर, नारिंगी. वहीत नवं पान केलं, जाडी लिहिली, 'पहिला वापर' पुढची जागा मोकळी ठेवली आहे. तुझा खांदा आता बरा आहे असं ऐकतो. या रविवारी ये. पहिली वाट तू चढ, त्या स्लॅबवरचीच चालेल. दोर मी धरतो. आणि बांधून झाली की थांब जरा, गाठ मी हात लावून बघणार आहे.

तुझा,
वहीतला एकतीस वेळा बसलेला