लेखिकांच्या जुन्या कादंबऱ्या मोफत मिळाव्यात, कायदा आड येत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गंगाखेड येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी २६ वर्षे मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतर आठवड्यातून तीन दिवस वाचनालयात बसून मुलींना पुस्तके शोधून देते. गेल्या पावसाळ्यात बी.ए.ला इंग्रजी विषय घेतलेल्या एका मुलीने जेन ऑस्टिन यांची १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी माझ्यासमोर मोबाइलवर उतरवून घेतली. एक पैसाही लागला नाही, अक्षर हवे तेवढे मोठे करता येत होते आणि अडलेल्या शब्दावर बोट ठेवले की अर्थ दिसत होता. मग तिने विचारले, “मॅडम, आपल्या बायकांनी लिहिलेल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या अशा मिळतात का?” मी काशीबाई कानिटकरांचे नाव सांगितले. तिने दोन दिवस शोध घेतला. काशीबाईंविषयी लिहिलेले लेख सापडले, पण मोबाइलवर सहज वाचता येईल अशी त्यांच्या कादंबरीची प्रत तिच्या हाती लागली नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर देणे हे आपल्या वाचनालयांचे आणि मराठी विभागांचे काम आहे, असे मला वाटते आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अडचण कायद्याची असेल, असा अनेकांचा समज असतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. काशीबाईंचे निधन १९४८ साली झाले, म्हणजे त्यांच्या लेखनावरील हक्क २००८ अखेर संपला. त्यांची ‘रंगराव’ किंवा ‘पालखीचा गोंडा’ आज कोणीही छापावी, टंकावी, मोफत वाटावी, मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करावी. कोणाची परवानगी लागत नाही. ‘पालखीचा गोंडा’ १९२८ची. त्या कादंबरीत एका संस्थानाचा कारभार स्त्रीच्या हाती येतो आणि ती स्त्रियांच्या शिक्षणाची व हक्कांची घडी नव्याने बसवते. स्वतः निजामाच्या संस्थानात जन्मलेल्या माझ्या आईच्या पिढीतील किती जणींना अशी कादंबरी मराठीत आहे हे ठाऊक होते, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो.

मग अडते कुठे? जुन्या मराठी ग्रंथांचे स्कॅनिंग मोठ्या प्रमाणावर झाले आहे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ संकेतस्थळावर ठेवले आहेत, इंटरनेट आर्काइव्हवरही पुष्कळ जुनी मराठी पुस्तके आहेत आणि या कामाबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु स्कॅन म्हणजे पानाचे छायाचित्र. तीनशे पानांची अशी फाईल अनेकदा कित्येक एमबींची होते, मोबाइलवर ओळ वाचण्यासाठी पान डावीकडून उजवीकडे सरकवत बसावे लागते, त्यात शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला तर तिथे कोरा कागदच दिसतो. तीच कादंबरी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षर म्हणून ओळखतो अशा लिपीत, टंकली तर बहुधा एक एमबीपेक्षाही कमी जागेत मावते. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संग्रहात आज ७० हजारांहून अधिक पुस्तके वाचनीय रूपात आहेत, त्यामागे एकेक पान वाटून घेऊन मुद्रिते तपासणाऱ्या स्वयंसेवकांचे कष्ट आहेत. मराठी विकिस्रोत या ऑनलाइन ग्रंथसंग्रहातही हीच पद्धत आहे: एकाने तपासलेले पान दुसऱ्याने पुन्हा तपासून प्रमाणित करायचे. सोय तयार आहे, माणसे कमी आहेत.

लेखिकांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. पुस्तक मुक्त झाले की नाही हे ठरवायला लेखकाच्या निधनाचे वर्ष लागते. पुरुष लेखकांची चरित्रे, स्मृतिग्रंथ, गौरवांक निघाले, त्यामुळे ते वर्ष सहसा सापडते. बाई मात्र लग्नानंतर दुसऱ्या नावाने लिहिते, कधी टोपणनाव घेते, कधी मुखपृष्ठावर नुसते ‘सौ.’ आणि आडनाव एवढेच असते, आणि लिहिणे थांबले की तिचा माग लागत नाही. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच लेखिकेची तीन नावे आहेत, हे माझ्या विद्यार्थिनींना दर वर्षी नव्याने सांगावे लागे. इंग्रजीत ब्राँटे भगिनींनी बेल या आडनावाची टोपणनावे घेतली, मेरी अ‍ॅन इव्हान्स यांनी जॉर्ज एलियट हे पुरुषी नाव घेतले. पण त्यांचा शोध तिथल्या अभ्यासकांनी कधीच पुरा केला. आपल्याकडे आधी लेखिकांची एक साधी नोंदवही व्हायला हवी, ज्यात माहेरचे नाव, सासरचे नाव, टोपणनाव, गाव आणि निधनाचे वर्ष असेल. ही माहिती वारसांकडे, जुन्या मासिकांच्या श्रद्धांजलीच्या रकान्यांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या वाचनालयांत विखुरलेली आहे, आणि ती सांगू शकणारी म्हातारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मी माझे कर्तव्य समजते. व्हॉट्सॲपच्या गटांवर हल्ली अनेक लेखिकांच्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ फिरतात आणि त्यांत हक्क शाबूत असलेली पुस्तकेही सर्रास असतात. मालतीबाईंचे निधन २००१ मध्ये झाले, त्यामुळे त्यांचे लेखन २०६२ सालीच मुक्त होईल. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव असले, तरी त्यामागची व्यक्ती जगासमोर आलेली असल्यामुळे मुदत निधनापासूनच मोजावी लागते. गौरी देशपांडे २००३ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या कादंबऱ्यांसाठी २०६४ उजाडावे लागेल. इंग्रजीतही हे भान हवे. अगाथा ख्रिस्ती यांची १९२० मधील पहिली कादंबरी अमेरिकेत मुक्त असल्याने गुटेनबर्गवर आहे, पण त्यांचे निधन १९७६ चे, म्हणून भारतात त्यांच्या लेखनावरील हक्क २०३६ अखेरपर्यंत चालू राहतो. ज्या लेखिकांचे हक्क चालू आहेत त्यांची पुस्तके विकत घ्यावीत, वाचनालयांनी मागवावीत. आपण मागणी करतो आहोत ती जे आधीच सर्वांचे झाले आहे त्याची, आणि ती स्वच्छ हातांनी करायला हवी.

मोफत प्रतीचे मोल शहरात बसून लक्षात येणार नाही. आमच्या भागातील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातील कितीतरी मुली दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. पाच-सहा महिने पुस्तक घरी नेण्याची परवानगी कोणतेही वाचनालय देत नाही, आणि दिले तरी उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ते टिकत नाही. फोन मात्र सोबत असतो. गावात असताना एकदा उतरवून घेतलेली कादंबरी नेटवर्क नसलेल्या फडावरही उघडते.

मराठवाडा साहित्य परिषद, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील दोन्ही विद्यापीठांचे मराठी विभाग आणि जिल्ह्यांतील जुनी वाचनालये यांनी मिळून सुरुवातीला एकच कादंबरी हाती घ्यावी, अशी माझी विनंती आहे. एम.ए.च्या १५ विद्यार्थ्यांनी प्रत्येकी २० पाने टंकली व एकमेकांची तपासली, तर ३०० पाने एका सत्रात पूर्ण होतात, आणि असे काम प्रकल्प म्हणून गुणांना पात्र धरायला हरकत नसावी. फक्त जुने लेखन ‘सुधारू’ नये. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘मधें’, ‘घरीं’ असे अनुस्वार सर्वत्र आहेत. मजकूर ओळखणारी संगणक प्रणाली त्यांत चुका करते म्हणूनच माणसाचा डोळा लागतो, पण ते अनुस्वार त्या बायकांच्या लेखनाचा भाग आहेत. याच ओघात, १८६२ मध्ये अहमदनगरला जन्मलेल्या आणि १८९४ मध्येच निवर्तलेल्या कृपाबाई सत्यनाथन यांच्या ‘सगुणा’ आणि ‘कमला’ या इंग्रजी कादंबऱ्यांचा मराठी अनुवाद करायलाही आज कोणाची अनुमती लागत नाही, हे इंग्रजी विभागांनी ध्यानात घ्यावे.

आमच्या गावची जनाबाई कागदावाचून सातशे वर्षे टिकली, कारण पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांनी तिचे अभंग कंठात ठेवले. तीनशे पानांची कादंबरी कोणी अशी तोंडी जपू शकत नाही. तिला प्रत लागते. आमच्या वाचनालयातील ‘पालखीचा गोंडा’ काही वर्षांपूर्वी बांधणीला दिली होती, ती परत आली तेव्हा सुरुवातीची आठ पाने गायब होती. उरलेला मजकूर टंकायला आम्ही चौघींनी सुरुवात केली आहे. मराठवाड्यातील कोणत्याही वाचनालयात किंवा घरात या कादंबरीची पूर्ण प्रत असेल, तर त्या आठ पानांची छायाचित्रे आपल्या कार्यालयाच्या मार्फत आमच्यापर्यंत पोहोचवावीत, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
गंगाखेड, जि. परभणी