३१ मार्चपूर्वी वर्गणी आणि बिलं जमा करण्याबाबत

मैत्रिणींनो, सप्रेम नमस्कार.

आपलं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असल्याने ३१ मार्चला हिशेब बंद करून तो लेखापरीक्षकांकडून तपासून घ्यावा लागतो. राहिलेली वर्गणी त्याआधी खजिनदारांकडे द्या आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका. ऑनलाइन पाठवलीत तर सोबत नाव लिहा. पासबुकात नुसता आकडा दिसला की पैसे कुणाचे ते कळत नाही.

हळदीकुंकवाच्या वाणांची काही बिलं अजून यायची आहेत. पदरचे पैसे घातलेल्यांनी अजिबात संकोच करू नये, बिल द्या आणि पैसे घ्या. भिशीची रक्कम मात्र मंडळाच्या खात्यात कृपया भरू नका, तो हिशेब पूर्ण वेगळा आहे.

कुणाला यंदा अडचण असेल तर खजिनदारांशी खाजगीत बोला. वर्गणीपायी एकही मैत्रीण मंडळातून सुटायला नको.

– कार्यकारिणी