‘शाहू’ शोधून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठं छापू नका असं तुम्ही बजावून सांगितलंय, म्हणून या पत्रात तुम्ही नुसत्या ‘ताई’. तरीही पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण हे आभार तुमचे आहेत तसे पायथन ही संगणकाची भाषा तुमच्यासोबत सांभाळणाऱ्या, जगभर विखुरलेल्या तुमच्या सोबत्यांचेही आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणाचीच माझी भेट होण्याचा योग दिसत नाही.

वाचणाऱ्यांना आधी हकीकत सांगतो. आमचं वाचनालय कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतलं. पुस्तकांची यादी संगणकावर चढवली आणि शोधासाठी पायथन या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. शोध पूर्ण शब्दाचाच हवा होता. ‘कर’ टाकलं की ‘करवीर’ असलेली सगळी पुस्तकं समोर आली तर वाचक वैतागणार. प्रोग्राम चालू झाला. ‘महाराज’ सापडत होतं, ‘करवीर’ सापडत होतं, ‘अंबाबाई’ सापडत होतं. ‘शाहू’ टाकलं की एकही पुस्तक नाही. कोल्हापूरच्या वाचनालयात शाहूंवर पुस्तक नाही! पन्हाळा नाही, रंकाळा नाही, पंचगंगा नाही, जोतिबा नाही. उलट ‘राम’ शोधलं की ‘रामायण’ न बोलावता हजर. आणि ‘शाहूमहाराज’ असं जोडून टाइप केलेलं असेल तिथं ‘शाहू’ बरोबर सापडायचं, म्हणजे नको तिथंच. सगळ्यांनी धरून टाकलं की नोंदीच चुकल्या आहेत. सुट्टीत बसून ज्या मुलींनी नोंदी केल्या, त्यांच्यावर ठपका आला.

दिवाळीला तुम्ही वडिलांची पुस्तकं परत करायला आलात आणि काउंटरवरची ही चर्चा ऐकून थांबलात. प्रोग्राम बघायला मागितला नाहीत. म्हणालात, सापडणारे शब्द डावीकडे लिहा, न सापडणारे उजवीकडे. दोन्ही याद्या झाल्यावर तुम्ही फक्त शब्दांच्या शेवटांवरून बोट फिरवलंत. उजवीकडचा प्रत्येक शब्द काना, वेलांटी नाहीतर उकारावर संपत होता. डावीकडचा एकही नाही. ‘अंबाबाई’ बचावली होती, कारण तिच्या शेवटी पूर्ण ‘ई’ आहे, वेलांटी नाही. त्या मुलींवरचा ठपका तिथंच पुसला गेला. माझ्या लेखी पहिले आभार त्याचे.

मग तुम्ही कारण सांगितलंत. मजकुरात शब्द हुडकायला पायथनमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनची सोय आहे. तिथं ‘शब्दातलं अक्षर’ यासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू आणि ‘शब्दाची हद्द’ यासाठी बॅकस्लॅश-बी ही खूण वापरतात. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांची चिन्हं संगणकात कशी नोंदायची याचं मानक. त्याच्या दप्तरी आपलं ‘श’ हे अक्षर आहे. पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर करणारं हलंत चिन्ह या सगळ्यांची नोंद अक्षराला लागणारं चिन्ह अशी आहे. पायथनचं बॅकस्लॅश-डब्ल्यू अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर (खालची आडवी रेघ) एवढंच धरतं. त्यामुळं ‘कोल्हापूर’ दिलं की क, ल, ह, प, र असे पाच तुकडे हाती येतात. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’. ‘शाहू’ संपतो उकारावर आणि पुढं असते मोकळी जागा. पायथनच्या लेखी दोन्ही शब्दाबाहेरचे, मग त्यांच्यामध्ये हद्द कुठून येणार?

याहून नवल वाटलं ते तुम्ही पुढं करून दाखवलंत तेव्हा. पायथन ३.० डिसेंबर २००८ मध्ये आलं तेव्हापासून देवनागरीत व्हेरिएबलचं, म्हणजे प्रोग्राममध्ये माहिती ठेवायच्या कप्प्याचं, नाव देता येतं. तुम्ही सरळ ‘शाहू’ नावाचं व्हेरिएबल केलंत आणि ते चाललं. ‘१८७४’ हे मराठी अंकातलं साल मजकूर म्हणून दिलंत, पायथननं त्याची बिनचूक संख्या करून दिली. म्हणजे भाषेच्या एका दारातून शाहू आत येतात आणि दुसऱ्या दारात तोच शब्द मोडतो. हे कुणाच्या दुष्टाव्यानं झालेलं नाही, हे तुम्ही मला पटवून दिलंत. वेगवेगळे भाग वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या माणसांनी लिहिले. हे रेग्युलर एक्स्प्रेशनचं इंजिन २००० साली आलं, फ्रेड्रिक लुंड यांनी लिहिलेलं.

मला वाटलं, आता तक्रार करायची आणि कुणीतरी दुरुस्त करणार. तुम्ही म्हणालात, आधी बघू, हे कुणी सांगून ठेवलंय का. सांगून ठेवलेलं होतं. देवनागरी शब्दांचे तुकडे पडतात ही पायथनच्या तक्रारींच्या नोंदवहीतली नोंद २००७ सालची. २०११ मध्ये पर्ल या दुसऱ्या संगणकभाषेच्या जगातले टॉम क्रिश्चन्सन यांनी तोच मुद्दा युनिकोडच्या रेग्युलर एक्स्प्रेशनविषयीच्या १८ क्रमांकाच्या मानकाचा आधार देऊन मांडला. अशी चिन्हं शब्दात धरावीत असं ते मानक सांगतं. तरीही आज बॅकस्लॅश-डब्ल्यू तसंच आहे. मी चिडलो. इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही? मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली लिहिणारी एवढी माणसं, त्यांचं कुणाला काहीच नाही?

त्यावर तुम्ही जे समजावलंत त्यासाठी हे पत्र आहे, ताई.

तुम्ही विचारलंत, हा बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, आहे की नवी सुविधा? मला तो शब्दाचा कीस वाटला. पण पायथनमध्ये सगळा निवाडा यावरच होतो. बग ठरला तर दुरुस्ती चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांतही जाते. सुविधा ठरली तर फक्त पुढच्या ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या नव्या आवृत्तीत. आता समजा बग म्हणून एका रात्रीत बदललं. एखाद्या संस्थेनं जुन्या नियमानं लाखो पानांची शब्दसूची करून ठेवलेली असेल. पायथन अद्ययावत झालं की शोध नव्या नियमानं होणार आणि सूची जुनी राहणार. काल सापडणारं आज सापडेनासं होईल आणि का, ते कुणाला कळणार नाही. कुणी फॉर्ममधलं नाव तपासायला हीच खूण वापरली असेल, तिथं काल नाकारली जाणारी चिन्हं आज आत येतील. जुनं वागणं बदलायचं तर आधी किमान दोन आवृत्त्या इशारा द्यायचा, असा पायथनचा लेखी नियमच आहे. पण लोकांच्या प्रोग्राममध्ये पसरलेल्या या एवढ्याशा खुणेला इशारा द्यायचा कसा आणि नेमका कुणाला? शिवाय मजकुराचं सगळं अक्षर-अंकांचंच आहे का हे सांगणारी दुसरी सोयही हीच व्याख्या धरून चालते. एक बदललं की दुसऱ्याचं काय, हा प्रश्न उभाच.

‘बदललं तर कुणाचं मोडेल?’ हा प्रश्न मला तोवर पळवाट वाटायचा. तुम्ही तो ज्या तळमळीनं विचारलात त्यावरून कळलं की विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आमच्यासारखंच एखादं अनोळखी वाचनालय असतं, जिथं काल सगळं ठीक चाललं होतं. तरीही माझं मत मी तुम्हाला तेव्हा सांगितलं, आजही तेच आहे. कोट्यवधी लोकांच्या लिपीत शब्द तुटत असेल तर नुसतं जपून चालणं पुरेसं नाही, वाट काढलीच पाहिजे. तुम्ही हे खोडून काढलं नाहीत. उलट म्हणालात, हेच तिथं मांडायचं, पण उदाहरणासकट, आणि समोरच्याला कोड चालवून पाहता येईल असं.

आमची अडचण मात्र त्याच संध्याकाळी सुटली. मॅथ्यू बार्नेट यांनी लिहिलेलं ‘रीजेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल, म्हणजे पायथनला जोडायचा तयार भाग, आहे. त्यात ही चिन्हं शब्दात धरली जातात. प्रोग्राममध्ये एवढाच बदल करून तुम्ही ‘शाहू’ टाकलंत आणि पडदा भरला. काउंटरजवळ उभे असलेले ज्येष्ठ सभासद पुढं झाले आणि त्यांनी ‘पंचगंगा’ टाकून पाहिलं.

नंतर मी आमच्या सगळ्या तक्रारींचा ढीग तुमच्यापुढं ओतला. तुम्ही तो निवडून दिलात. ‘कुऱ्हाड’ कधी सापडते, कधी नाही. तुम्ही दाखवलंत की हा पायथनचा दोषच नव्हे. तो अर्धा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो, एकदा स्वतंत्र ‘ऱ’ला हलंत जोडून, एकदा साध्या ‘र’ला हलंत आणि पुढं न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. युनिकोडचं नेहमीचं एकरूपीकरणही त्यांना एक करत नाही, ते आपण आपल्या प्रोग्राममध्ये करायचं. आणि ‘घोडा’ शोधल्यावर ‘घोड्याचा’ का येत नाही, तर ते आपल्या सामान्यरूपाचं काम. त्यात पायथनचा संबंध नाही, युनिकोडचाही नाही. दोष नेमका कुणाच्या घरचा हे आधी ठरवायचं, मगच दार वाजवायचं. बग हाताळणारे लोक याला ट्रायेज म्हणतात. हे काम किती मोलाचं आहे हे मला तिथं बसून कळलं.

तुमचा स्वतःचा एक पॅच, म्हणजे पाठवलेली दुरुस्ती, तुम्ही उघडून दाखवलात तो प्रसंगही मनात आहे. मूळ कोडमधला बदल दोन ओळींचा. त्यासोबतची टेस्ट, म्हणजे दुरुस्ती तपासणारा कोड, त्याच्या कितीतरी पट मोठी. टेस्ट अशी हवी की दुरुस्तीच्या आधी नापास व्हावी, नंतर पास. मग बदलांच्या नोंदीसाठी एक-दोन वाक्यं, साध्या भाषेत, वापरणाऱ्याला कळतील अशी. मग लिनक्स, मॅक, विंडोज अशा सगळ्या ठिकाणी ती टेस्ट आपोआप चालते. त्यानंतर रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी केलेली तपासणी. रिव्ह्यू करणाऱ्यानं तुमच्या एका व्हेरिएबलच्या नावावर प्रश्न काढला होता, एका रिकाम्या ओळीवर सुद्धा. मला वाटलं, कामधंदा सोडून फुकट मदत करणाऱ्याला असं कुणी टोकतं का? तुम्ही म्हणालात, तोही फुकटच वाचतोय ना, माझ्या दोन ओळी त्यानं रात्री जागून वाचल्या. कोअर डेव्हलपरनं, म्हणजे मूळ कोडमध्ये बदल घेण्याचा अधिकार असलेल्यानं, तो मर्ज केल्यावर (मूळ कोडमध्ये मिसळल्यावर) तोच बदल जुन्या आवृत्त्यांमध्ये बॅकपोर्ट होतो, त्यातलं पुष्कळ काम एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, करतो. तेवढ्या दोन ओळींसाठी एवढी माणसं आणि एवढी जपणूक.

मालक कोण, असं मी विचारलं होतं. ग्विडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये ही भाषा पहिल्यांदा लोकांपुढं ठेवली आणि २०१८ पर्यंत शेवटचा शब्द त्यांचा होता. एका बदलावरून फार कटू वाद झाले, त्यानंतर ते त्या जबाबदारीतून बाजूला झाले. २०१९ पासून कोअर डेव्हलपर्सनी निवडून दिलेली पाच जणांची समिती आहे. २००१ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था पैशांची आणि हक्कांची बाजू सांभाळते, अलीकडं थोड्या लोकांना पूर्णवेळ पगारही मिळतो. पण बहुतेक काम तुमच्यासारखी माणसं नोकरी, घर, म्हातारे आईवडील सांभाळून करतात. हे तुम्ही सहज सांगितलंत. मला ते सहज घेता आलं नाही.

ताई, त्यानंतर मी काय करतोय ते तुम्हाला कळवायचं राहिलंय. मराठी शब्दांची एक छोटी टेस्ट-यादी तयार केली आहे. प्रत्येक स्वरचिन्हावर संपणारा एक शब्द, अनुस्वाराचा, विसर्गाचा, जोडाक्षराचा, अर्ध्या ‘र’चा, आणि प्रत्येकापुढं अपेक्षित उत्तर. नोंदी करणाऱ्या त्या मुलींनीच शब्द निवडले. आणि रविवारी वाचनालय बंद झाल्यावर मी दुसऱ्यांनी नोंदवलेले बग आमच्या विंडोजवर चालवून बघतो. झालं तर झालं, नाही तर नाही, कुठल्या आवृत्तीवर, एवढंच लिहितो. मागं एकानं लिहिलेल्या बगमध्ये विंडोजवर तपासणारं कुणी नव्हतं. मी तपासून लिहिलं, आणि तो धागा धरून दुसऱ्या कुणीतरी दुरुस्ती केली.

यादी पूर्ण झाली की तुम्हाला पाठवतो. कठोरपणे तपासा, एकेका शब्दावर प्रश्न काढा. ‘दुःख’ आणि ‘कुऱ्हाड’ या दोघांवर आमच्यात अजून एकमत नाही, तुमचं मत कळवा. वडिलांना सांगा, त्यांनी मागितलेलं पन्हाळ्यावरचं पुस्तक सापडलंय, त्यांच्या नावानं काढून ठेवलं आहे.

आपला,
पेठेतल्या वाचनालयाचा संगणक सांभाळणारा