तोल सावरणारे पाऊल आणि त्याचे मोजमाप

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. निरोगी तरुणांना पुढे झुकवून धरलेला दोर अचानक सोडायचा आणि तोल सावरायला टाकलेल्या पावलाची लांबी दोन वेगवेगळ्या दिवशी मोजायची, या तुझ्या चाचण्यांत आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन कोएफिशियंट, म्हणजे मोजमापाच्या विश्वसनीयतेचा गुणांक) फारच कमी आला, म्हणून ही मापनपद्धतच सोडून द्यावी असे तुझ्या मनात आहे. माझे मत विचारलेस म्हणून स्पष्टच लिहितो: एवढ्या पुराव्यावर पद्धतीला दोष देता येणार नाही.

आयसीसी हा नुसत्या चुकीचा आकडा नाही. एकूण फरकापैकी किती भाग माणसामाणसांतल्या खऱ्या फरकाचा आहे, एवढेच तो सांगतो. समज, तरुण आणि वृद्ध अशा मिश्र गटात पावलाच्या लांबीचे प्रमाण विचलन (मापांचा एकूण पसारा) ५ सेंटिमीटर आहे आणि मापनाची प्रमाण त्रुटी (एकाच माणसाच्या मापांतली चूक) २ सेंटिमीटर. तर आयसीसी ०.८४ येईल आणि सगळे खूश होतील. आता तीच यंत्रे आणि तीच २ सेंटिमीटरची त्रुटी घेऊन फक्त धडधाकट तरुण मोजलेस, ज्यांचे प्रमाण विचलन २.५ सेंटिमीटर आहे, तर तोच गुणांक ०.३६ वर घसरेल. मोजमाप तसूभरही बिघडलेले नसते. माणसेच एकमेकांसारखी असतात. म्हणून ०.५ च्या खाली वाईट, ०.७५ च्या वर चांगले, ही प्रचलित उतरंड अशा गटाला डोळे झाकून लावू नये. त्याऐवजी प्रमाण त्रुटी सेंटिमीटरमध्येच दे. त्रुटी २ सेंटिमीटर असेल, तर एकाच माणसात साडेपाच सेंटिमीटरहून कमी बदल दिसल्यास तो खरा आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येत नाही, आणि वाचणाऱ्याला हेच हवे असते. सोबत ब्लँड आणि ऑल्टमन यांच्या पद्धतीचा, दोन मापांतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा आलेख जोडलास, तर दुसऱ्या दिवशीची मापे एकाच बाजूला सरकली आहेत का, तेही लगेच दिसेल.

माझी खरी शंका वेगळीच आहे. पुढे झुकवून दोर सोडण्याच्या चाचणीत पहिल्या वेळचे पाऊल आणि दहाव्या वेळचे पाऊल यांना एकच गोष्ट मानावे का? पहिल्या वेळी माणूस खरोखर दचकतो. पुढे शरीर शिकते, आणि दोर सुटण्याआधीच तो नकळत एका पायावर भार घेऊन दुसरा मोकळा ठेवू लागतो. फोर्स प्लेटच्या (पायाखालचा भार मोजणाऱ्या पाटीच्या) नोंदीत हे अगदी उघड दिसते: दोर सुटण्यापूर्वीच्या अर्ध्या सेकंदात दोन्ही पायांखालचा भार समान राहिला नसेल, तर त्या प्रयत्नाकडे संशयाने पाहावे. चार प्रयत्नांची सरासरी घेतल्याने यादृच्छिक त्रुटी निम्मी होते हे खरे, पण ही शिकण्याची उतरण त्या सरासरीत गाडली जाते. गुणांक देखणा दिसतो. मोजलेला असतो मात्र सराव. खऱ्या आयुष्यात ठेच लागते तेव्हा कुणाला आधी सराव करू दिला जात नाही, म्हणून पहिला प्रयत्न कायम स्वतंत्र मांडावा असे मला ठामपणे वाटते. पहिलेपण पुन्हा मिळत नसल्याने त्याची पुनर्मापन विश्वसनीयता तपासणे अवघड आहे, आणि ही अडचण लेखात उघडपणे मान्य करावी.

उरलेल्या बाबी थोडक्यात. दोरावरचा ताण शरीराच्या वजनाच्या टक्केवारीत ठरवून प्रत्येक वेळी लोडसेलवर (ताण मोजणाऱ्या उपकरणावर) पडताळावा, कारण झुकण्याचा कोन जरासा बदलला तरी पाऊल बदलते. पाय उचलल्याचा क्षण भार किती न्यूटनखाली गेल्यावर धरला, ते लिहून ठेवावे. दहा आणि वीस न्यूटन यांनी वेळ वेगवेगळी येते. हार्नेसने (माणूस पडू नये म्हणून बांधलेल्या पट्ट्यांनी) वजन पेललेले प्रयत्न वगळावेत आणि किती वगळले तेही सांगावे. पावलांची संख्या मात्र तरुणांत फारशी उपयोगी नाही. बहुतेक जण एकाच पावलात सावरत असतील, तर त्या आकड्यात फरकच उरत नाही. हॉफ या संशोधकाने २००५ मध्ये मांडलेली स्थैर्याची सीमा, म्हणजे गुरुत्वमध्याची जागा आणि वेग दोन्ही धरून काढलेले, पायांच्या आधाराच्या कडेपर्यंतचे अंतर, मला पावलाच्या लांबीपेक्षा अधिक बोलकी वाटते. पण तिच्यात मार्करच्या (हालचाल टिपण्यासाठी अंगावर चिकटवलेल्या खुणांच्या) जागेची चूक वेगाच्या वाटेनेही शिरते, म्हणून दोन्ही दिवशी मार्कर एकाच व्यक्तीने लावलेले बरे.

मूळ आकडे पाठवशील, तेव्हा प्रत्येक व्यक्तीचे प्रयत्न क्रमाने असू देत. सरासरी नको.

तुझा स्नेही